ताटाविना पेला

तरुणांच्या दारूविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला व्याख्यानमालेतला. त्यात संस्कारांचा ऱ्हास, पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, एकत्र कुटुंबाचा नाश आणि हातात खुळखुळणारा पैसा यांचा यथासांग उद्धार होतो आणि शेवटी आभारप्रदर्शन होते. दुसरा प्रकार फौजदारी. त्यात नाकाबंदी, धाड, दंड आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी असते. या दोन्ही प्रकारच्या मंडळींना मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. पण एक साधा प्रश्न विचारताना मी त्यांच्यापैकी कोणालाही ऐकले नाही: हा पोरगा प्यायला बसला तेव्हा त्याच्या पोटात काय होते?

मी धंद्याने डॉक्टर आहे. पुण्यात ज्या भागात दर दुसऱ्या वाड्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि दर चौथ्या दारावर खानावळीची पाटी असते, त्या भागात माझा दवाखाना आहे. त्यामुळे हा प्रश्न विचारणे मला भागच पडते. आणि त्याला जी उत्तरे मिळतात ती ऐकून माझे मत असे झाले आहे की, आपल्या तरुणांचे बेसुमार पिणे हा जितका दारूचा प्रश्न आहे तितकाच तो जेवणाचा आहे. आपण पोरांच्या हातातल्या पेल्याकडे डोळे वटारून पाहतो, पण त्यांच्यासमोर ताट का नाही याची चौकशी करत नाही. ती केली तर उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच खानावळीत आणि आपल्याच सोवळ्याओवळ्यात सापडेल, अशी भीती आपल्याला वाटते की काय, कोण जाणे.

आधी थोडे शरीराविषयी सांगतो. कारण ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ शहाणी माणसेही या विषयात भलतेच बोलतात. दारू रक्तात शिरते ती थोडीशी जठरातून आणि बव्हंशी लहान आतड्यातून. जठराच्या तोंडाशी एक झडप आहे. जठरात अन्न असले, विशेषतः तेल-तूप, डाळ, मांस असे पचायला जड अन्न असले, म्हणजे ही झडप सावकाश उघडते आणि दारूही अन्नाबरोबर थोडी थोडी पुढे जाते. पोट रिकामे असले तर ती अडतच नाही. तीच दारू, तेवढीच दारू, रिकाम्या पोटी घेतली की रक्तातले तिचे प्रमाण झपाट्याने आणि फार वर चढते. यकृताला मात्र घाई ठाऊक नाही. ते तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्काची विल्हेवाट लावते. लिंबू, ताक, गार पाणी किंवा काळी कॉफी यांनी त्याचा वेग वाढत नाही.

आता आपल्या दुकानांत काय विकले जाते ते पाहा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. १८० मिलिलिटरच्या बाटलीला आपण क्वार्टर म्हणतो. गुणाकार केला तर या एका क्वार्टरमध्ये सुमारे साठ ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. आणि योगायोग असा की, जागतिक आरोग्य संघटनेने एका बैठकीतल्या ‘भारी’ मद्यपानाची जी रेषा आखली आहे ती नेमकी साठ ग्रॅमची आहे! म्हणजे जगाच्या वैद्यकाने जेथे धोक्याचा दगड रोवला, तेथे आपण विक्रीचे माप ठेवले आहे. वाइन शॉपवर (जेथे वाइन सोडून सर्व काही खपते) पोरगा येतो आणि एक क्वार्टर मागतो. ती झाकण लावून उद्यासाठी ठेवायची वस्तू आहे असे त्याला कोणी शिकवलेले नाही. ती संपवायची असते. रात्री उशिरा ती संपली तर यकृताला तिचा हिशेब चुकता करायला सहा-आठ तास लागतात. सकाळी सातला दुचाकीवर बसणाऱ्या पोराला वाटते की आपण झोपून उठलो, म्हणजे उतरली.

या साठ ग्रॅमांत सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक असतात. दोन ज्वारीच्या भाकरींत असतात तितके. फरक एवढाच की भाकरीतले प्रथिन, लोह आणि जीवनसत्त्वे यांपैकी बाटलीत काहीच नसते. ज्याचे पोट या उष्मांकांनी भरल्यासारखे वाटते तो जेवत नाही. आणि जो जेवत नाही त्याला ती आणखी चढते. हे चक्र एकदा सुरू झाले की कोण कशामुळे, हे सांगणे कठीण होते.

आता खानावळीकडे वळू. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या मेस रविवारी रात्री बंद असतात, ही गोष्ट येथे शिकून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुपारी गोडधोड, ‘फीस्ट’, आणि रात्री कुलूप. मालकालाही सुट्टी हवी, हे मला मान्य आहे; त्याचे हात काही लोखंडाचे नाहीत. पण त्याचा परिणाम काय होतो? आठवड्यातल्या ज्या एका रात्री पोरांना अभ्यासाचा धाक नसतो, मित्र खोलीवर असतात आणि घरची आठवण जास्त येते, त्याच रात्री हजारो मुलांना जेवण नसते. दुपारचे श्रीखंड किंवा बिर्याणी अंगावर आलेली असते म्हणून संध्याकाळी भूक नसते. भूक लागते तेव्हा साडेनऊ-दहा झालेले असतात. त्या वेळी स्वस्तात, चार जणांनी दोन तास बसावे आणि कोणी उठवू नये, अशी जागा उघडी असते ती एकच. तिच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते.

मला नीतीचे व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांना विचारावेसे वाटते की, रात्री दहा वाजता वीस वर्षांच्या मुलाने मित्रांबरोबर बसून गरम वरणभात खावा, अशी एक तरी जागा तुम्ही या शहरात काढलीत का? देवळे आहेत, वाचनालये आहेत, व्यायामशाळा आहेत. बसून खाण्याची जागा मात्र आपण मद्यविक्रेत्यावर सोपवली आहे. आणि मग तो दारू विकतो, याचे आपल्याला नवल वाटते.

तेथे गेल्यावर पुढे जे ठेवले जाते तो चखणा. खारे शेंगदाणे, फरसाण, मसाला पापड, चकली. पुष्कळ ठिकाणी पहिली बशी फुकट असते. हे औदार्य नव्हे. मिठाने तहान लागते, तहानेने पेला उचलला जातो. बरे, या बशीने पोट भरते का? तेही नाही. ती जिभेला गुंतवते आणि भुकेला फसवते. जेवण ही गोष्ट वेगळी आहे. जेवणाला सुरुवात असते, मध्य असतो आणि मुख्य म्हणजे शेवट असतो. भात झाला, ताक झाले, हात धुतले, माणसे उठली. आपल्या ‘बैठकी’ला शेवट नसतो. कारण जेवण मुद्दाम लांबवलेले असते. ‘वाढू का?’ असे कोणी विचारले की ‘थांबा हो, आत्ता कुठे रंग चढतो आहे’ हे उत्तर ठरलेले. जेवण झाले की पुढे पिववत नाही, असे पिणारेच सांगतात. आणि म्हणूनच ते जेवत नाहीत. बारा वाजता गार झालेला रस्सा आणि कडक झालेली चपाती पुढे येते तेव्हा निम्म्यांना खाण्याचे भान नसते आणि उरलेल्यांना इच्छा नसते. जेवण आधी आणि पेला नंतर, असा क्रम असता तर बैठक निम्मी झाली असती. आपण क्रमच उलटा केला आणि त्याला रसिकता हे नाव दिले.

तरुणांनी या उलट्या क्रमाचे एक शास्त्रच बनवले आहे. ‘काही खाऊ नकोस, लवकर चढते, पैसे वाचतात’ हा सल्ला मी माझ्या दवाखान्यात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या तोंडून ऐकला आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी पार्टीला जायचे, उष्मांक वाढू नयेत म्हणून दुपारपासून काही खायचे नाही, आणि दारूत साखरेच्या पेयाऐवजी बिनसाखरेचे पेय मिसळायचे. त्यांना कोणी सांगितलेले नसते की साखरेच्या पेयाने जठर जरा सावकाश रिकामे होते आणि बिनसाखरेच्या पेयाने लवकर. म्हणजे वजनाच्या धास्तीने केलेली ही काटकसर नशेच्या खात्यावर जमा होते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूचे रक्तातले प्रमाण मुळातच जास्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सव्वा टक्क्याच्या आसपास दारू घेत असल्याचे आढळले. स्त्रियांचा आकडा लहान आहे म्हणून त्यांच्याशी बोलायचेच नाही, हा न्याय मला समजत नाही.

आता जे लिहिणार आहे ते काही वाचकांना रुचणार नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत अंडे चालत नाही, मटण तर दूरच. ज्याला पटते त्याने तसे जरूर जगावे. पण त्या घरातला मुलगा अठराव्या वर्षी मित्राबरोबर बाहेर अंडे खातो, कोंबडी खातो आणि घरी येताना बडीशेप चघळतो. जेथे तो हे चोरून खातो त्याच टेबलावर शेजारी बाटली असते. आपण त्याला लहानपणापासून शिकवलेले असते की मांस आणि मदिरा ही जोडशब्दांतली दोन पदे आहेत, दोन्ही सारखीच निषिद्ध. मुलगा तर्कशुद्ध असतो. एक निषेध मोडूनही आकाश कोसळले नाही, हे पाहिल्यावर तो दुसराही मोडतो. ज्या आईने ‘घरी नको, पण बाहेर खाल्लेस तर मला सांग’ एवढेच म्हटले असते, तिच्या मुलाला बडीशेप चघळण्याची गरज पडली नसती. आणि ज्याला अंड्याविषयी खरे बोलता येते त्याला पेल्याविषयीही खरे बोलता येते. कोंबडी खाण्याने कोणी दारूडा होत नाही. मात्र चोरून खाण्याची सवय चोरून पिण्याची वाट सोपी करते.

आणि गटारी? आषाढ अमावास्येला घरात दिव्यांची पूजा होते आणि बाहेर, दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा म्हणून, महिन्याभराची वसुली एका रात्रीत होते. मी उपासाच्या विरुद्ध नाही. माझ्या मते अन्नाविषयी संयम ही आपल्या परंपरेने दिलेली मोठी देणगी आहे. पण संयम आणि वसुली या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ‘उद्यापासून बंद’ या आश्वासनावर आज बेफाम व्हायचे, ही सवय तरुण मुलगा गटारीला वडीलधाऱ्यांकडून शिकतो आणि मग दर शनिवारी स्वतःची छोटी गटारी साजरी करतो. सोमवार ते शुक्रवार निर्व्यसनी आणि शनिवारी क्वार्टर, हा मनुष्य स्वतःला दारूडा समजत नाही. आठवड्याची सरासरी काढून तो मला समजावतो की ‘डॉक्टर, दिवसाला एक लहान पेगही पडत नाही.’ यकृताला आणि मेंदूला सरासरी कळत नाही. त्यांना ती एक रात्र कळते.

या उपासाचा आणि दारूचा संयोग किती घातक होऊ शकतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी पहाटे चार मुलांनी एकाला चादरीत घालून माझ्याकडे आणले. आईने लावून दिलेला शनिवारचा उपास तो इमानाने करत असे. दिवसभर दोन कप चहा झाला होता. संध्याकाळी उपास सोडायचा तो मित्राच्या खोलीवर, खारे शेंगदाणे आणि दारू यांनी सोडला. रात्री तो पडला तेव्हा त्याला जवळच्या एका रुग्णालयाच्या दारात नेले होते; तेथे कोणीतरी वास घेतला आणि ‘प्यायला आहे, झोपू द्या, उतरेल’ असे सांगून परत पाठवले. माझ्याकडे आला तेव्हा तो घामाने भिजलेला होता आणि हाकेला ओ देत नव्हता. रक्तातली साखर अतिशय खाली गेली होती. उपाशी माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा संपत आला म्हणजे यकृत नवी साखर तयार करते. दारू नेमके तेच काम बंद पाडते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्याने डोळे उघडले. आणखी तास-दोन तास कोणी ‘उतरेल’ म्हणत बसले असते तर काय उतरले असते, ते लिहिण्याची गरज नाही. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने आईचा शब्द पाळला होता आणि मित्रांचाही. त्या दोहोंच्या मध्ये त्याला कोणी जेवू घातले नव्हते, एवढेच.

येथे सुज्ञ वाचक विचारतील की, मग तुमचे म्हणणे काय? पोरांनी पोटभर खाऊन प्यावे? नाही. हा निष्कर्ष काढणारे लोक मला नीतीवाल्यांपेक्षाही धोक्याचे वाटतात. ‘आधी दोन वडापाव खा, मग काही होत नाही’ हे साफ खोटे आहे. अन्नाने दारू सावकाश चढते. ती नाहीशी होत नाही. बहुतेक सर्व अखेर रक्तात येतेच आणि यकृताला तिचा हिशेब द्यावाच लागतो. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर वाइन घेण्याची चाल शतकानुशतके होती. तेथे १९५६ पर्यंत शाळेच्या भोजनगृहात चौदा वर्षांखालच्या मुलांनाही ती मिळू शकत असे. त्या वर्षी ती बंद करावी लागली. जेवणाबरोबर पिणाऱ्या त्याच देशात यकृत सुकण्याच्या रोगाने माणसे मोठ्या संख्येने मरत होती, आणि दुसऱ्या महायुद्धात वाइनचे रेशनिंग झाले तेव्हा पॅरिसमध्ये हे मृत्यू झपाट्याने घटले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा ताट हा दारूवरचा उतारा नाही. माझे म्हणणे एवढेच की, ताट नसणे हे दारूला आमंत्रण आहे.

सरकारबद्दल न लिहिले तर लेख अपुरा राहील. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा आपण अजून चालवतो. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात पिण्याला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. प्रत्यक्षात अठराव्या वर्षी बाटली मिळते, फक्त ती लपून प्यावी लागते. आणि लपून पिणारा घाईने पितो. तो ताट मांडून बसत नाही. याच सरकारने २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मका यांच्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले होते. त्या धोरणाला मोठा विरोध झाला, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण विचार करा: भाकरीचे धान्य दारूच्या भट्टीत घालण्यासाठी पैसा सुचतो, वसतिगृहात रविवारी रात्री भाकरी मिळावी म्हणून मात्र तो सुचत नाही. २०१९ साली केंद्र सरकारसाठी झालेल्या पाहणीनुसार दारूच्या बाबतीत मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. ही माणसे एका दिवसात तेथे पोहोचली नाहीत. कुठल्या तरी एका रात्री, रिकाम्या पोटी, त्यांची सुरुवात झाली असेल.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून आपण सुधाकराच्या पेल्याकडे पाहून अश्रू ढाळत आलो आहोत. अश्रू खरे असतील, पण त्यांनी कोणाचे पोट भरत नाही. मी जे मागतो ते अगदी क्षुल्लक आहे. महाविद्यालयांनी आपल्या वसतिगृहांची भोजनगृहे रविवारी रात्री उघडी ठेवावीत आणि रोज अकरापर्यंत निदान खिचडी-कढी मिळेल असे पाहावे. खासगी मेसवाल्यांनी आपसांत वाटून घेऊन पाळीपाळीने सुट्टी घ्यावी. प्रथम वर्षाच्या मुलामुलींना नीतीच्या व्याख्यानाऐवजी कोणीतरी अर्धा तास जठर, यकृत आणि साठ ग्रॅम यांचा हिशेब समजावून सांगावा. आणि बेशुद्ध मित्राला झोपू न देता रुग्णालयात न्यावे व तेथे त्याच्या रक्तातली साखर तपासायला सांगावे, हेही. घरोघरी उपास जरूर करावेत, पण वाढत्या वयाच्या परगावी राहणाऱ्या मुलाला दिवसभर उपाशी ठेवून संध्याकाळी तो काय खातो याची विचारपूस न करणे, याला धर्म म्हणू नये.

दिवाळीत मुले घरी येतील, त्यांचे मित्र जमतील, गच्चीवर सतरंज्या पडतील. तुम्ही त्यांच्या पिशव्या तपासू नका आणि व्याख्यानही देऊ नका. चिवड्याची बशी पाठवून गप्प बसू नका, कारण त्या बशीचे पुढे काय होते ते वर सांगितले आहे. आठ वाजता पाने मांडा आणि सगळ्यांना जेवायला बोलवा. ‘नंतर जेवतो’ म्हणतील. ऐकू नका.